पाहुण्याचा दुसरा दिवस

१

रोमच्या डोमितियन कैसराचं अकरावं वर्ष, दिओस महिन्याची सात तारीख. वारा नैर्ऋत्येचा, समुद्र खवळलेला, डोंगरावर ढग. पाऊस नाही.

मी रोज संध्याकाळी हात धुतल्यावर फुटक्या मडक्याच्या एका खापरीवर तारीख, वारा आणि दिवसातली एखादी गोष्ट लिहितो. अक्षरं मला कुणी शिकवली नाहीत. आमच्या सलुकिया बंदराच्या धक्क्यावर उतरणाऱ्या तेलाच्या बुधल्यांवरची नावं बघून शिकलो. दोर वळणाऱ्याला वाऱ्याची नोंद उपयोगी पडते, असं मी लोकांना सांगतो. खरं कारण हे की चार वर्षांपूर्वी बायको गेली, आणि तेव्हापासून दिवस एकमेकांत मिसळायला लागले होते.

माझी म्हणण्यासारखी माणसं चार. धाकटी बहीण सलमत, तिचा नवरा अब्सलमा, त्याची आई बिर्था आणि सलमतची मुलगी दोम्ना. दोम्नाला सतरावं लागलं होतं. लहानपणापासून छातीनं नाजूक. अब्सलमाचं घर मोठं म्हणून ख्रिस्ताला मानणारी आमची मंडळी दर आठवड्याला प्रभूच्या दिवशी त्याच्याकडे जमायची, आणि गावोगाव फिरून प्रभूचं वचन सांगणारे संदेष्टेही त्याच्याकडेच उतरायचे.

सात तारखेला सूर्य बुडताना मी त्यांच्याकडे होतो. दारात एक माणूस उभा होता. पन्नाशीचा, पातळ दाढी, पाय धुळीनं लाल. उत्तरेकडच्या मंडळीचं पत्र त्यानं पुढे केलं.

"या, या," अब्सलमा म्हणाला. "सलमत, पाय धुवायला पाणी आण."

बिर्था कोपऱ्यातून माझ्याकडे वाकली. तोंडात दात नव्हते, पण जीभ शाबूत होती. "मागचा पाहुणा प्रभूविषयी कमी आणि कोंबडीविषयी जास्त बोलला. हा निदान वाळका आहे."

"आत्याबाई, हळू. ऐकतील."

"ऐकू दे. संदेष्टा आहे ना? मग मनातलं ऐकलंच असेल."

अशा पाहुण्यांसाठी आमच्याकडे नियम ठरलेला होता. एक दिवस राहावं, गरज असली तर दुसरा. तिसरा दिवस राहिला तर तो खोटा. दुसऱ्या दिवशी घरातली माणसं उपास करतात. संध्याकाळी फक्त घोटभर पाणी. मग उजाडल्यावर पाहुण्याच्या हातात वाटेपुरती भाकरी द्यायची, घरच्या एकानं त्याला मैलाच्या दगडापर्यंत पोचवायचं, आणि पोचवणारा परत आला की मग घरानं जेवायचं. हा आमच्या गावचा रिवाज. कुणी सुरू केला, माहीत नाही.

२

नऊ तारीख. वारा पश्चिमेचा, मध्यम. ऊन.

पाहुणा गेला असेल, उपासामागून काहीतरी गोड झालं असेल, म्हणून मी कामावरून सरळ बहिणीकडे गेलो. सलमत दारात परात रिकामी करत होती. पाय धुतलेलं पाणी. गटारात लाल ओघळ गेला.

"दादा, आत ये. पण खायला काही मागू नकोस हं. आज पाहुण्यांचा दुसरा दिवस."

"दुसरा काल होता ना?"

"काल तर आले. काल आपण मसूर नाही का खाल्ली? तू लिंबाएवढा कांदा एकटा संपवलास."

मसूर आणि कांदा सात तारखेला होते. आमच्यात यहुदी घरांतून आलेले काहीजण सूर्यास्तापासून दिवस मोजतात, आम्ही बाकीचे सकाळपासून. पाहुणा बरोबर सूर्य बुडताना आला होता. मोजण्यात एका दिवसाचा फरक पडू शकतो. थकलेल्या माणसाला एवढं स्पष्टीकरण पुरतं. मी घरी गेलो आणि झोपलो.

पाहुणा दोन दिवस घराबाहेर पडला नव्हता, मग त्या पाण्यात लाल धूळ कुठून आली, हे मला झोपेत सुचलं. आमच्या गावची माती पांढरी आहे.

३

अकरा तारीख. वारा नाही. दमट. दोर लवकर सुकत नाही.

पहाटे कामावर जाताना त्यांच्या भिंतीबाहेरून जात्याची घरघर ऐकली. हा आवाज रोजचाच, पण वाटेची भाकरी ताज्या पिठाची लागते म्हणून दुसऱ्या दिवशी तो जरा आधी सुरू होतो. मी उंबऱ्याशी थांबलो. दोम्ना जात्याशी बसली होती.

"पाहुणे गेले नाहीत?"

"उद्या जाणार, मामा. आज दुसरा दिवस."

तिचे ओठ कोरडे होते. दाराशेजारी कोनाड्यात कापडात बांधलेली भाकरी ठेवलेली होती. मी बोटानं दाबली. दगडासारखी.

"ही आजची?"

"नाही, आजची आता होईल. ती..." त्या गाठोड्याकडे तिनं बराच वेळ पाहिलं. "ती असेल कधीची तरी."

आतल्या खोलीच्या पडद्यामागून श्वास ऐकू येत होता. झोपलेल्या माणसाचा नाही. चढ चढणाऱ्या माणसाचा असतो तसा. दोन लहान, एक लांब. दोन लहान, एक लांब.

"ते आत काय करतात?"

"बसलेत," दोम्ना म्हणाली. "प्रार्थना करत असतील. मामा, तू पण ना. काल आला असतास तर स्वतःच विचारलं असतंस."

४

बारा तारीख. वारा दक्षिणेचा, गरम. बंदरात दोनच गलबतं.

मी हर्मियासकाकांकडे गेलो. ते आमच्या मंडळीचे वडील. धंदा शिडं शिवण्याचा. मांडीवर शीड, तोंडात दोरा.

"काका, अब्सलमाकडचा पाहुणा सहावा दिवस झाला तरी बसलाय."

"सहावा?" त्यांनी दोरा तोडला. "सलमत सकाळी भेटली, ती दुसरा म्हणत होती."

"ती रोजच दुसरा म्हणते. आणि चौघं रोज उपास करतायत. पाच दिवस त्यांच्या पोटात पाण्याशिवाय काही नाही. दोम्नाला सोसायचं नाही ते."

"जबिनास, तू रात्री नीट झोपतोस का?"

"नाही."

"मग?" ते हसले. मग हसू आवरून म्हणाले, "हे बघ. पवित्र आत्म्यानं बोलणाऱ्याची परीक्षा घ्यायची नाही. बाकी सगळ्या पापांना क्षमा आहे, या एकाला नाही. तिसरा दिवस आहे, असं तोंडानं म्हटलंस म्हणजे खोटा ठरवलंस. तू म्हणशील?"

"मी दिवस मोजतोय. माणूस नाही मोजत."

"दिवस मोजायला गेलास की माणूस आलाच त्यात."

तरी ते माझ्याबरोबर आले. काका माणूस भला. ते आत गेले, मी रस्त्यावर उभा राहिलो. जातं फिरत होतं. समोरच्या घरातली बाई दोनदा पाणी घेऊन आली, इतक्या वेळानं काका बाहेर आले. चेहरा शांत होता आणि उन्हात चालून आल्यासारखा दमलेला.

"चांगला माणूस आहे," ते म्हणाले. "उद्या निघतो म्हणाला. आज दुसराच दिवस रे. उगाच घाबरवलंस."

"काका, मी तुम्हाला घरी काय सांगितलं?"

"कधी?"

५

यानंतरच्या दोन खापऱ्या नाहीत. का नाहीत ते लिहितो.

तेरा तारखेला पहाटे, कामावर जाण्याआधी, मी आत गेलो. दोम्नाला हाताला धरून बाहेर काढायचं, एवढंच ठरवलं होतं. पुढची खोली, मग जात्याची खोली, मग पडदा. बिर्था जात्याच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. मला पाहून काही टोमणा मारला नाही. अब्सलमा म्हणाला, "या मेव्हणे, वेळेवर आलात. पाहुणे बोलतायत." त्याच्या गालाची हाडं वर आली होती. तो आनंदात होता.

पडद्याआड दिवा होता. पाहुणा शिकवणाऱ्याच्या बाकावर बसलेला, हात गुडघ्यांवर. तो हळू बोलत होता. वाईट काही नव्हतं त्यात. धीर धरा, प्रभू जवळ आहे, मी उद्या निघतो, तुमचं भलं होवो. एकच वाक्य फार दिवस बोलणाऱ्याचा आवाज असतो तसा त्याचा आवाज होता. वाक्यांच्या मध्ये तो धापा टाकत होता.

सलमत परात घेऊन त्याच्यापुढे बसली होती. त्याचा एक पाय तिच्या हातात होता. मी तळवा पाहिला. तळव्याला कातडी नव्हती. ती पाणी ओतत होती आणि पायावरची लाल धूळ निघत होती, आणि जिथून निघत होती तिथे ती परत दिसत होती. पाय हलत नव्हता. पण सलमतचा हात, चालणाऱ्या माणसाचा पाय धरल्यासारखा, हलत होता. थोडा वर, थोडा खाली.

मी बसलो. उभं राहणं बरं दिसलं नसतं.

बाहेर आलो तेव्हा ऊन होतं. मला वाटलं, थोडासाच बसलो. मी सरळ दोराच्या वाडीत गेलो. बोएथोस तिथला माझा जोडीदार. आमच्या मंडळीतला नाही. त्याचे देव बंदरावरचे, शिव्या सगळ्या देवांना सारख्या. त्यानं हातातला पिळा सोडला.

"कुठे होतास रे? दोन दिवस एकटा खेचतोय मी. बायको केलीस का दुसरी?"

"दोन दिवस?"

"आज पंधरा. दोर बघ." आम्ही दिवसाला चाळीस हात दोर वळतो आणि दिवस संपला की लाल धागा बांधतो. दोन धागे मी न पाहिलेले होते. "तोंड बघ आरशात. जेवला नाहीस काय?"

त्यानं मला अंजीर आणि खारवलेला मासा दिला. पहिला घास आत जाईना.

६

सोळा तारीख. वारा उत्तरेचा, थंड. पहिल्यांदा पांघरूण काढलं.

मी स्वतःलाच प्रश्न केला. खापऱ्या माझ्या हाताच्या. मी थकलेला, एकटा माणूस. तीसजणांची मंडळी एक म्हणते आणि मी दुसरं. वेडा कोण असण्याची शक्यता जास्त? पण बोएथोसच्या दोरावर सात तारखेपासूनचे धागे होते, आणि बोएथोसला पाहुण्याशी देणंघेणं नव्हतं.

मी ठरवलं, उंबरा ओलांडायचा नाही. बाहेरूनच बोलायचं.

दोम्नाला हाक मारली. ती भिंत धरत आली. मी उंबऱ्यावर खापऱ्या ओळीनं मांडल्या, सात तारखेपासून. मधली दोन दिवसांची जागा मोकळी ठेवली.

"तुला वाचता येतं. मोज."

तिनं पहिल्या खापरीवर बोट ठेवलं. "एक." दुसरीवर. "दोन." तिसरीवर ठेवलं आणि थांबली. कपाळाला आठ्या पडल्या. "दोन," ती म्हणाली. चौथी. "दोन." पाचवी. "दोन." ती मोठ्या कष्टानं मोजत होती. शेवटच्या खापरीला ती रडायला लागली.

"मामा, हे बरोबर नाही ना?"

"नाही, बाळा. चल. उंबऱ्याच्या बाहेर पाय टाक."

"पाहुणे गेल्याशिवाय कशी येऊ? उपास मोडेल. एकच दिवस तर आहे." आणि मग लहानपणी पाणी मागायची तशी म्हणाली, "मला फार भूक लागलीय. काल तर जेवले."

मी तिचा हात धरला आणि ओढला. ती किंचाळली. अब्सलमा धावत आला. धावत म्हणजे भिंतीला धरून. "मेव्हणे! पाहुणे घरात असताना पोरीवर हात? लाज वाटत नाही?" रस्त्यावर माणसं थांबली. मी हात सोडला.

मागे जातं फिरत होतं. सलमत बसली असणार. त्या दिवशी मला आवाजातला फरक कळला. दाणे असले की जात्याचा आवाज भरलेला असतो. हा दगडावर दगडाचा होता.

७

एकोणीस तारीख. वारा तोच. ढग.

उंबऱ्यावरून विचारलं, "आत्याबाई कुठायत?"

"पडल्यात," सलमत म्हणाली. तिचे केस गळून खांद्यावर पडलेले होते आणि तिनं ते झटकले नव्हते. "वय झालं. एका दिवसाचा उपास पण सोसत नाही. उद्या पाहुणे गेले की गरम काहीतरी करून देईन."

पुढच्या खोलीत, दाराजवळच बिर्थाची पावलं दिसत होती. मी वाकून, उंबऱ्याबाहेर गुडघे ठेवून, हात लांबवून एका पावलाला लावला. पाऊल थंडगार होतं. मी दोन दिवस आधी लावला असता तरी ते तसंच लागलं असतं, असं वाटतं.

"सलमत, त्या गेल्या."

"कुठे गेल्या? ह्या काय समोर."

मी काकांकडे परत गेलो नाही. घरी येऊन भिंतीशी बसलो. नियम मला पाठ होता, म्हणून तो पुन्हा पुन्हा मनात म्हटला. एक दिवस, गरज असली तर दोन. भाकरी हातात द्यायची. मैलाच्या दगडापर्यंत पोचवायचं. तेव्हा लक्षात आलं की भाकरी बांधलेली असते, पण कुणी ती त्याच्या हातात देत नाही. द्यायची वेळ येते तेव्हा दिवस परत सुरू झालेला असतो. भाकरी कोनाड्यात राहते आणि तो बाकावर.

मग ती बाहेरून द्यायची. आणि तिसरा दिवस म्हणायचं. पाप लागलं तर मला लागेल.

८

तेवीस तारीख. वारा नाही. धुकं, समुद्र दिसत नाही.

चार दिवस लागले, कारण मला भीती वाटत होती. हे लिहून ठेवायला हवं.

सकाळी उजाडल्यावर बाजारातून भाकरी घेतली, धुतलेल्या कापडात बांधली आणि बोएथोसला बरोबर घेतलं. त्याला एवढंच सांगितलं की मी आत पाऊल टाकलं तर मागून ओढ.

"भुताटकी आहे का?" त्यानं विचारलं.

"पाहुणा आहे."

"मग भुताटकी बरी."

उंबऱ्याबाहेर उभं राहून मी मोठ्यानं म्हणालो, "पाहुणे, आज तुमचा सतरावा दिवस. तिसरा कधीच झाला. वाटेची भाकरी घ्या आणि निघा."

जातं थांबलं. आतला श्वासही थांबला. मग पडदा बाजूला झाला आणि पाहुणा खोल्या ओलांडत आला. मी त्याला उजेडात पहिल्यांदाच नीट पाहिलं. चेहरा भयंकर नव्हता. दमलेला होता. इतका दमलेला चेहरा मी पाहिला नव्हता, आणि मी धक्क्यावर वाढलोय.

त्यानं गाठोडं घेतलं. "देवाची कृपा," तो म्हणाला. "कुणीतरी म्हणेल म्हणून वाट बघत होतो. मला स्वतःला ते म्हणता येत नाही." मग माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं. "दगडापर्यंत कुणीतरी यायला हवं ना?"

"मी येतो."

"तुम्ही घरचे नाही. मीही कुणालातरी दगडापर्यंतच पोचवायला निघालो होतो. बायकोला म्हटलं, चूल पेटव, आलोच."

त्याच्यामागे दोम्ना उभी होती. तिनं ओढणी डोक्यावर घेतली होती, बाहेर जाताना घेतात तशी. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. "मी पोचवते त्यांना," ती म्हणाली आणि तिचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं. मी तिला दोन्ही हातांनी धरलं. त्याच वेळी अब्सलमा आमच्या बाजूनं बाहेर पडला. त्याचा अंगरखा माझ्या कोपराला लागला. मी त्याला हाक मारली. हात मोकळा केला नाही.

"घरधनी मी आहे," तो मागे न बघता म्हणाला. "आलोच."

सोळा दिवस उपाशी असलेला माणूस धुक्यातून ताठ चालत गेला. पाहुणा त्याच्या डाव्या बाजूला. वळणापर्यंत दोघं दिसत होते. वळणावर एकच दिसला, अब्सलमा. तो डावीकडे बघून बोलत होता, मान हलवत होता. गाठोडं त्याच्या हातात होतं.

दोम्नानं माझ्या हाताला चावा घेतला. मग तिची शुद्ध गेली.

९

तिला मी माझ्या घरी नेलं. दुपारी मसुराचं पाणी पाजलं. पहिले दोन घोट ओकली. तिसरा राहिला. बोएथोसनं सलमतला उचलून आणलं. तिनं विरोध केला नाही.

संध्याकाळी बोएथोस अब्सलमाला शोधायला गेला. मैलाच्या दगडाशी त्याला एक माणूस पडलेला सापडला. पातळ दाढी, पन्नाशीचा. अंगात उरलं काही नव्हतं. बोएथोस म्हणाला, "हा आज मेलेला नाही, जबिनास. मी बंदरातली प्रेतं बघितलीत. हा महिन्याभराचा आहे." अब्सलमा कुठे दिसला नाही. चोवीस तारखेला आम्ही बिर्थाला आणि त्या माणसाला शेजारी शेजारी पुरलं.

मंडळी जमली. हर्मियासकाका डोळे पुसत बोलले. "दोम्ना वाचली हे खरं. पण तू आत्म्याची परीक्षा घेतलीस, हेही खरं. दोन्ही कसं सोडू मी? सांग तूच." मी वसंतातल्या वल्हांडण सणापर्यंत, प्रभूच्या नावानं भाकरी मोडतात त्या मेजावर बसायचं नाही, असं ठरलं.

पुढच्या महिन्यात, अपेल्लाइओसच्या नऊ तारखेला, पोसिदियोनच्या मंडळीचं पत्र आलं. ते गाव दक्षिणेला, दोन दिवसांच्या वाटेवर. पत्र चार तारखेचं होतं. काकांनी ते सगळ्यांसमोर वाचलं. "तुमचे बंधू अब्सलमा आमच्याकडे काल सुखरूप पोचले. पाय फार मळले होते. आत्म्यानं गोड बोलतात. उद्या निघतील."

"बघ," काका मला म्हणाले, "जिवंत आहे. उद्या निघतील, असं लिहिलंय."

"काका, तो तेवीसला इथून निघाला. दोन दिवसांची वाट. पोचला तीनला."

"वाटेत थांबला असेल."

सलमत तेव्हा माझ्याकडेच होती. तिला विचारलं, तर ती म्हणाली, "दादा, ते कालच गेलेत. येतील."

दहापासून सतरापर्यंत पाऊस, ओढे भरलेले, वाट बंद. अठराला ऊन पडलं. मी निघालो. बोएथोस बरोबर आला. वीस तारखेला दुपारी पोसिदियोनला पोचलो. वारा दक्षिणेचा, हलका.

ज्या घरात मंडळी जमत होती ते गावाच्या टोकाला होतं. दार उघडं होतं. आत पाच माणसं राहायची, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. एक म्हातारा आणि एक लहान मूल मेलेलं होतं. घरधन्याची बायको आणि सून जिवंत होत्या. त्यांना बोएथोसनं बाहेर आणलं. सकाळी एका शेजाऱ्यानं दारातून भाकरी देऊन पाहुण्याला आता निघा म्हटलं, तेव्हा घरधनी त्याला दगडापर्यंत पोचवायला गेला होता. अब्सलमा दगडाशी सापडला. त्याला तिथेच पुरलं. घरधनी परत आला नाही.